अण्णांची डावी बाजू

सोमवारी चित्रकलेच्या तासाला वर्गातल्या अडतीस जणांनी नीरजाचं चित्र बघितलं, आणि अडतिसांतल्या एकालाही त्यात शाळेच्या बसचे ड्रायव्हर गिरीराज अण्णा दिसले नाहीत.

एकालाही! चिठ्ठ्या उघडताना स्मृती मिसच्या चेहऱ्यावर ‘आता हिला कसं सांगू’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिघांनी ‘प्रिन्सिपल सर’ लिहिलं होतं, दोघांनी ‘गणपती’, एकीनं नुसतंच ‘ढग?’. आणि शार्दूलनं ‘उपडा माठ’ असं लिहून खाली झोकात सही ठोकली होती, म्हणजे श्रेय चुकून दुसऱ्या कुणाला जायला नको.

“काय ग, अण्णांवरून त्यांचीच बस नेलीस की काय?” तो मागच्या बाकावरून मराठीत पुटपुटला. वर्गात मराठी समजणारे ते दोघंच, तो पुण्याचा आणि ती नागपूरची. त्यामुळे शार्दूलला टोमणे मारायला आयती खासगी लाइन मिळाली होती.

“तू गप रे. तुला डोळे नाहीत.”

“मला आहेत. तुझ्या माणसाला नाहीत. डोळे नाहीत, नाक नाही, नुसतं काळं. असं काळं फासून माणूस ओळखू येत असता तर आधार कार्डावर फोटो कशाला लागला असता?”

दोन वर्षांपूर्वीची नीरजा असती तर एव्हाना ते चित्र चुरगळून दप्तराच्या तळाशी गेलं असतं, आणि तिच्या मागोमाग नीरजाही. तेव्हा ती हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ इतक्या हळू म्हणायची की पहिल्या आठवड्यात दोनदा तिची गैरहजेरी लागली होती. आता नववीतली नीरजा प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात वर करायची, आणि उत्तर येत नसलं तरी करायची. ती उभी राहिली.

“मिस, मला शुक्रवारपर्यंत वेळ हवाय. मी परत करते.”

“कर ना,” मिस म्हणाल्या. “पण हवं तर माणूस बदल. लायब्ररीच्या मॅडम घे. एवढा मोठा अंबाडा आहे, लगेच ओळखू येतील.”

“नाही मिस, अण्णाच. आणि नुसते तुम्ही नाही, अण्णा स्वतः ओळखतील. मी त्यांना आणून समोर उभं करीन, आणि ते एका सेकंदात म्हणतील, अरे, हा तर मीच!”

वर्ग ‘ओऽऽ’ करून ओरडला. नीरजा खाली बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच बोललो.

भानगड अशी होती की स्मृती मिस शाळेच्या हॉलमध्ये सावल्यांची भिंत करणार होत्या. प्रत्येकानं शाळेतला एकेक माणूस निवडायचा, पांढऱ्यावर काळा कागद कापून त्याची आकृती करायची, आणि खाली नाव अजिबात लिहायचं नाही. निम्म्या वर्गानं ओळखलं तरच चित्र भिंतीवर, नाहीतर नाही. ही कल्पना सांगायच्या दिवशी मिसनी वर्गाचे पडदे ओढून घेतले होते, पांढरी चादर ताणली होती आणि मागून टॉर्च लावून एकेकाला चादरीपलीकडे उभं केलं होतं. आणि काय गंमत! चेहरा दिसत नव्हता, तरी कान खाजवायच्या पद्धतीवरून एकजण ओळखू आला, खांदे उडवण्यावरून दुसरी.

“चित्रात सगळंच दाखवलं की बघणारा आरामात मागे टेकून बसतो,” मिस अंधारातून म्हणाल्या होत्या. “सावलीत आपण त्याला अर्धंच देतो. उरलेलं त्याला स्वतःच्या आठवणीतून आणावं लागतं. आत्ता बघा बरं, तुम्ही कसे बसला आहात.”

सगळ्यांनी खाली बघितलं. अख्खा वर्ग बाकाच्या कडेवर आला होता.

त्याच क्षणी नीरजानं ठरवलं होतं, गिरीराज अण्णा. कारण शुक्रवारी सावल्यांची भिंत उघडणार होती, आणि शुक्रवारीच अण्णांचा शाळेतला शेवटचा दिवस होता. बावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. शुक्रवारी हार, शाल, फळांची टोपली, प्रिन्सिपल सरांचं लांबलचक भाषण, हे सगळं होणारच होतं. पण त्यातलं काहीच नीरजाचं नव्हतं, आणि नीरजाला अण्णांना काहीतरी द्यायचंच होतं.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बाबांची बदली झाली आणि ते सगळे नागपूरहून बेंगळुरूला आले. बाबांच्या मित्राचं चामराजपेटेतलं घर रिकामं होतं, ते मिळालं. शाळा जयनगरला. नीरजाला कन्नडचा क सुद्धा येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात ती उशिरा निघाली, बस क्रॉसच्या (इथं गल्लीला क्रॉस म्हणतात) तोंडाशी येऊन थांबलेली, अण्णांनी हॉर्न दिला. तो हॉर्न ऐकून ती अशी काही घाबरली की धावत सुटली, आणि कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईच्या टोपलीला अडखळून सपशेल आडवी झाली. दोन्ही गुडघे फुटले. बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. अण्णा उतरले, तिला उचललं, पाण्यानं गुडघे धुतले, आणि एकच शब्द चार वेळा म्हणाले: “ओडबेडा, ओडबेडा, ओडबेडा, ओडबेडा.” धावू नकोस. नीरजाचा पहिला कन्नड शब्द.

त्यानंतर त्या क्रॉसवर अण्णांनी कधी हॉर्न वाजवला नाही. नीरजा उशिरा यायची (ती रोजच उशिरा यायची, दोन वेण्या घालणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही), तर अण्णा नुसते उतरून वाट बघायचे. ती दिसली की मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, ओडबेडा. मग वाटेत एकेका स्टॉपचं नाव तिच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे. आधी नुसतं नाव, मग ‘उतरायचं आहे’, मग ‘स्वल्प थांबा, माझी मैत्रीण येतेय’. मोठ्यानं! पुटपुटलं तर बस हलायची नाही. अख्खी बस ओरडायची, “जोरात, अक्का, आम्हाला उशीर होतोय!” तिचा आवाज जो सुटला तो तिथे सुटला, आणि पुढे वर्गातही पोचला.

आता अशा माणसाचा उपडा माठ झाला, तर काय म्हणायचं?

चूक कुठं झाली ते तिला कळत होतं. तिनं जेवणाच्या सुट्टीत अण्णांना बसशेजारी उन्हात उभं केलं होतं आणि जमिनीवर कागद पसरून त्यांच्या सावलीची कड पेन्सिलनं गिरवली होती. पण भर दुपारचा सूर्य डोक्यावर, सावली सगळी पायाशी गोळा झालेली. म्हणून सोमवारी रात्री जेवणाआधी तिनं आठवून आठवून अण्णा समोरून काढले. ते पहिल्यापेक्षा वाईट. दोन कान, दोन हात, दोन पाय, दोन्ही बाजू सारख्या. ते नीरजाचे बाबा असू शकत होते, शार्दूलचे असू शकत होते, रस्त्यावर ‘पुढे काम चालू आहे’ म्हणून लावतात त्या पाटीवरचा माणूससुद्धा असू शकत होता.

मंगळवारी संध्याकाळी आईनं तिला महानंदा अक्कांकडे ब्लाउज आणायला पिटाळलं.

महानंदा पिसे अक्का म्हणजे त्यांच्या घरापासून दोन क्रॉसवरच्या शिंपीण बाई. त्यांचे पूर्वज कधी काळी महाराष्ट्रातून इकडे आले, कधी ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. “शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या वेळी म्हणतात, मी बघायला गेले नव्हते,” असं त्या म्हणायच्या. त्यांची मराठी आईला पहिले दोन महिने कळलीच नव्हती, पण मापं मात्र पहिल्या खेपेपासून चोख.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. अक्का दाराकडे पाठ करून, वाकून, खाकी कागदावर कात्री चालवत होत्या. नीरजानं उंबऱ्यात पाय ठेवला, तोंड उघडलं, आणि अक्का मान न वळवता म्हणाल्या,

“ये नीरजा. आज वेणी एकच का ग घातली?”

नीरजा जागच्या जागी थिजली. “अक्का! तुम्हाला मागे डोळे आहेत?”

“मागे कशाला? पुढेच आहेत की.” अक्कांनी कात्रीनं समोरच्या भिंतीकडे दाखवलं. दारातून येणाऱ्या संध्याकाळच्या उन्हात नीरजाची सावली भिंतीवर उभी होती. एका वेणीसकट. “चाळीस वर्षं दाराला पाठ करून बसते. कोण आलं ते भिंत सांगते. तुझी आई येते तेव्हा आधी पिशवी येते, मग कोपर, मग आई. वरच्या माळ्यावरच्या बाई येतात तेव्हा मान आधी आत, धड बाहेरच. उधारी मागायला आल्यासारखी.” त्या हसल्या. “बस. स्वल्प काम उरलंय.”

नीरजा बसली. आणि मग तिला भिंतीवरचे खिळे दिसले. ते आधीही तिथं होतेच, पण आज दिसले. खिळ्याखिळ्यावर खाकी कागदाचे आकार टांगले होते: पाठी, खांदे, बाह्या. नुसत्या कडा. कोण कुणाचं त्याच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

“अक्का, यावर नावं का नाहीत?”

“नाव कशाला? हा खांदा उतरता आहे बघ, ही बँकेतली बाई. डावा हात उजव्याहून लांब, ही तबला वाजवते ती.” अक्कांनी चष्मा सारखा केला. “लोक कापड बघतात. रंग, बुट्टे, जरी. मी कड बघते. कड कधी खोटं बोलत नाही ग, पोट आत ओढून धरलं तरी टेप सैल सोडला की बाहेर येतंच.”

नीरजाच्या अंगातून वीज गेली म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण ती तीन पायांच्या स्टुलावरून पडता पडता वाचली एवढं खरं. तिनं अक्कांना सगळं भडाभडा सांगितलं. अण्णा, माठ, अडतीस चिठ्ठ्या, शार्दूल, शुक्रवार.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू उभं केलंस त्यांना? ‘उभे राहा’ म्हणून?”

“हो.”

“मग तिथंच गेलं ते. माप घेते म्हटलं की माणूस निराळाच उभा राहतो. मी आधी बाईला विचारते, घरी सगळे बरे ना, पोरगा काय करतो. ती बोलायला लागली की मग टेप काढते. कोणी बघत नाहीये असं वाटतं तेव्हा तुझे अण्णा कसे उभे असतात?”

नीरजा आठवायला लागली. तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज दोन वेळा बघितलेला माणूस, आणि डोळ्यांपुढे येत होती फक्त मिशी. मिशी, हसू आणि ओडबेडा.

“बाजूनं बघितलंयस कधी?”

“नाही वाटतं.”

“मग आधी बघ जा. कापायचं नंतर.”

बुधवारी सकाळी नीरजा साडेसहाला तयार होती. आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. “बरं नाही वाटत का तुला?”

सात चाळीसची बस, आणि नीरजा साडेसातला क्रॉसच्या तोंडाशी हजर! फुलवाल्या बाईनंसुद्धा वर बघितलं. बस आली, दार उघडलं. अण्णांनी तिला बघितलं, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग त्यावर टिचकी मारून ते बंद तर पडलं नाही ना याची खात्री करून घेतली.

“आज सूर्य कुठून उगवला?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“बॅगेतून काढला, अण्णा,” नीरजाही कन्नडमध्येच म्हणाली, आणि चौथ्या सीटवर जाऊन बसली, पहिली-दुसरीतल्या पिटुकल्यांच्या मधोमध.

अजून दोन मुलं चढली. आता बस सुटायची. पण अण्णांनी गिअर टाकला नाही. ते आपल्या दारातून खाली उतरले, बसला वळसा घालून पुढे आले आणि थांबले.

बसचं तोंड पूर्वेला होतं. समोरच्या मोठ्या काचेत नुकतं वर आलेलं ऊन भरलं होतं, इतकं की रस्ता, दुकानं, विजेचे खांब, सगळं त्यात विरघळून गेलेलं. आणि त्या उजेडावर एकच काळी आकृती. एक पाय फुटपाथच्या कडेवर. एक हात पाठीमागे, त्यात पुसायच्या फडक्याचा बोळा. पोट पुढे, खांदा जरा उतरलेला. आणि मान. मान पुढे निघालेली, क्रॉसच्या आत, जणू आणखी बोटभर पुढे काढली तर पलीकडच्या वळणापर्यंत दिसेल. ना मिशी दिसत होती, ना डोळे, ना हसू. काहीही दिसत नव्हतं, आणि तरी सगळं दिसत होतं. हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय, ते कोणीतरी येणार याची त्याला खात्री आहे, आणि तरीही काळजी वाटतेय.

नीरजानं शेजारच्या दुसरीतल्या मुलीला हळूच विचारलं, “हे काय करतायत?”

“रोजच करतात,” ती म्हणाली. “आम्ही आकडे मोजतो. एकदा एकशे ऐंशीपर्यंत गेलो होतो. तू येतच नव्हतीस.”

नीरजानं पुन्हा काचेकडे बघितलं. तिला बघायला मिळायची ती मिशी. कारण ती नेहमी समोरून धापा टाकत यायची. ही बाजू सगळ्या बसनं दोन वर्षं रोज बघितली होती, एक तिला सोडून. ज्याच्यासाठी अण्णा तसे उभे राहत, नेमकं त्याच माणसाला ते कधी दिसलं नव्हतं.

पण आज ते कुणासाठी उभे होते? आज तर ती आतच होती!

हे पहिलीतल्या एका चिमुरड्याच्याही डोक्यात त्याच वेळी आलं. तो सीटवर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, “अण्णाऽऽ! उशीरवाली अक्का आतच आहे!”

आकृती हलली. वळली. आणि अण्णांनी खाडकन कपाळावर हात मारून घेतला. बसमध्ये जो हशा पिकला तो शाळा येईपर्यंत ओसरला नाही. नीरजाही पोट धरून हसली. मग थोडा वेळ ती खिडकीबाहेर तोंड करून बसली, कारण हसताना कधीकधी डोळ्यांत पाणी येतं आणि ते कुणाला दाखवायची गरज नसते.

गुरुवारी शाळेतून ती थेट अक्कांकडे गेली. खाकी कागदावर तिनं अण्णा काढले, बाजूनं, एका दमात. अक्का चष्म्यावरून बघत होत्या.

“पोट कुठं गेलं?”

“थोडं कमी केलं. ते बरं नाही दिसत...”

“ते लाजतात का त्याला?”

“नाही.”

“मग तू का लाजतेस? काढ.” नीरजानं पोट काढलं. “आणि हा हात पाठीला चिकटवलायस. मधून उजेड येऊ दे, नाहीतर हात असून नसल्यासारखा. हां. सरी, आता बरोबर.”

पण ती आकृती खडूनं काळ्या कागदावर उतरवून कात्री चालवायची वेळ आली तेव्हा नीरजा नुसतीच कात्री उघडायला आणि मिटायला लागली. एकच मोठा जाड कागद होता, स्मृती मिसनी दिलेला. चुकला की संपलं. अक्कांनी ते बघितलं, कात्री काढून घेतली आणि म्हणाल्या, “आण इकडे.” मग ती कात्री अशी गेली की बघत राहावं. न थांबता, न उचलता, पाण्यात होडी जावी तशी. दोन मिनिटांत अण्णा कागदातून सुटे झाले. नीरजानं ते दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि दारातल्या उजेडासमोर धरले.

दोघी बघत राहिल्या.

“अक्का,” नीरजा शेवटी म्हणाली, “हे अण्णांचे मोठे भाऊ आहेत का?”

अण्णा वीस किलोंनी वाढले होते. मान होती तिथं उशी झाली होती, फडक्याच्या बोळ्याचा फुटबॉल झाला होता, आणि हात आणि पाठीतला उजेड पार बुजला होता. अक्कांनी कागद घेतला, कडेवरून बोट फिरवलं, आणि एकदम खाली बसल्या. त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पदराला पुसावा लागला.

“माया सोडली ग मी! शिलाईला माया सोडली!” त्यांच्याच्यानं बोलवेना. “रेघेबाहेर अर्धा इंच, सगळीकडून! चाळीस वर्षांची सवय. हात आधी माया सोडतो आणि मग मला विचारतो. आता कुणाला जोडायचंय यांना? अस्तर लावायचंय?”

नीरजाही हसत सुटली. कागदी अण्णांना मांडीवर घेऊन दोघी हसत बसल्या, आणि बाहेरून जाणाऱ्या एका आजोबांनी आत डोकावून बघितलं.

“पण बरंच झालं,” अक्का डोळे पुसत म्हणाल्या. “रेघ अजून आत शाबूत आहे. आता तू काप. चुकलीस तर सावरायला जागा आहे.”

मग नीरजा कापायला बसली. पाठ सोपी गेली. पोट आलं, तेही गेलं. हातामागचा उजेड कापून काढताना तिनं श्वास रोखून धरला. शेवटी मान आली. इथं तिला कळलं की सगळं चित्र या चार बोटांत आहे. मान केसभर सरळ झाली तर नुसता एक माणूस उभा आहे. केसभर जास्त वाकली तर त्याला पाठदुखी आहे. दोन्हीच्या मधोमध कुठंतरी तो वाट बघतोय. तिनं डोळे मिटले, काचेतलं ते ऊन आठवलं, डोळे उघडले आणि कापलं.

अक्कांनी तो कागद घेतला आणि भिंतीसमोर धरला. मानेच्या कडेवर बोट ठेवलं.

“येतेय कोण?” मग त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“यांच्या समोरून. कोणीतरी येतंय ना?”

नीरजानं अक्कांना घट्ट मिठी मारली. अक्कांच्या गळ्यातला टेप तिच्या वेणीत अडकला, तो सोडवायला पाच मिनिटं गेली.

शुक्रवारी पहिल्या तासाला चिठ्ठ्या झाल्या. अडतिसातल्या छत्तीस! उरलेल्या दोघांपैकी एक नवीन आला होता आणि बसनं येत नव्हता. दुसरा शार्दूल. त्यानं लिहिलं होतं, ‘माठ नाही. बाकी माहीत असून सांगणार नाही.’ यावेळी सही नव्हती.

दुपारी हॉलमध्ये शाल झाली, हार झाला, भाषण झालं ते झालंच. मग अण्णा आणि त्यांची बायको भिंत बघायला आले. नीरजा खांबाशेजारी उभी राहिली. तिचे हात इतके गार पडले होते की तिनं ते काखेत घातले.

अण्णा पहिल्या चित्रापासून निघाले. “हा वॉचमन. ह्या लायब्ररीच्या मॅडम. हे प्रिन्सिपल सर,” आवाज थोडा खाली आणून, “नाक अगदी बरोबर.” सगळे भराभर ओळखत होते. आणि मग ते तिच्या चित्रापाशी आले.

एक सेकंद झाला. दोन झाले. अण्णांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

नीरजा खांबाला टेकली. शार्दूल शेजारीच होता, तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो आता काहीही म्हणू शकत होता. त्यानं मात्र टाचा उंचावून अण्णांचा चेहरा बघितला.

“शिक्षक नाहीत,” अण्णा स्वतःशीच म्हणत होते. “हातात फडकं आहे. कामाचा माणूस आहे. वाट बघतोय बिचारा कुणाची तरी...”

“अय्यो देवा!” त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. “अहो, तुम्हीच की!”

“मी?” अण्णा दचकून मागे सरकले. मागे पहिली-दुसरीची फौज उभीच होती, ती एका सुरात ओरडली, “तुम्हीच, अण्णा!”

“मी एवढा वाकतो?”

“रोज!” फौज म्हणाली.

अण्णा पुन्हा पुढे झाले. बोटानं कागदाला न शिवता त्यांनी हवेतच ती मानेची कड गिरवली. “मला कुठं ठाऊक असणार?” ते हळूच म्हणाले. “बावीस वर्षं उजवी बाजू रस्त्याला आणि डावी पोरांना. आरशात बघितलं ते मागच्या सीटवर कोण मारामारी करतंय तेवढंच.” 

नीरजाला एकदम उमगलं की तिची ती वर्गातली बढाई मुळातच चुकीची होती. एका सेकंदात ‘हा मीच’ ते म्हणणारच कसे? आरशात माणूस समोरून दिसतो, आणि आरशासमोर वाट बघत कोणी उभं राहत नाही. ही बाजू दुसऱ्याकडेच असते. ती फक्त त्यांची त्यांना परत द्यायची होती. आणि दिली की!

ती खांबामागून बाहेर आली.

अण्णांनी तिला बघितलं. “तू केलंस?”

“हो. मी कापलं. म्हणजे आधी महानंदा अक्कांनी कापलं, पण तेव्हा तुम्ही फार जाड झाला होता.”

ते हसले. मग पुन्हा चित्राकडे वळून, अगदी गंभीरपणे, जणू खरंच माहीत नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “कुणाची वाट बघतोय हा?”

नीरजानं रात्री बसून दहा ओळींचं कन्नड भाषण पाठ केलं होतं. धन्यवाद, उपकार, मार्गदर्शन, सगळे मोठमोठे शब्द त्यात होते. त्यातला एकही तोंडात येईना.

“माझी, अण्णा,” ती म्हणाली. मोठ्यानं. हॉलच्या पार शेवटच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या काळ्या आकृतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मिशी थरथरली.

“आलीस की मग,” ते म्हणाले.

आणि त्यांनी गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला. तो तिला गुडघ्यापर्यंत आला, आणि झेंडूच्या पाकळ्या दप्तरात, बुटांत, वेण्यांत, जिथंतिथं गेल्या. शार्दूल म्हणाला की ती आता हार घातलेल्या बसच्या बॉनेटसारखी दिसतेय. नीरजा म्हणाली, दिसू दे.